घोट्याचा घोटाळा

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. जून उजाडतो, ग्रुपवर राजमाचीचा प्लॅन पडतो, सगळे धडाधड अंगठे वर करतात आणि हा म्हणतो, ‘तुम्ही जा रे, माझा पाय सारखा मुरगळतो.’ सूर असा, की जणू ही त्याची जन्मखूणच आहे. रास कन्या, रक्तगट ओ पॉझिटिव्ह, पाय मुरगळतो. बाकीचेही ते तितक्याच सहज मान्य करतात. ‘हो रे, याचा पाय वीक आहे.’ झालं! वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी एका धडधाकट माणसाच्या आयुष्यातून ट्रेक बाद, फुटसाल बाद, गरबा बाद, आणि सुटणारी लोकल पकडायला धावणं तर फारच बाद.

या कॉलममध्ये मान, पाठ, मनगट असे सगळे ‘ऑफिसवाले’ अवयव येऊन गेले. घोटा राहूनच गेला, कारण त्याची तक्रार घेऊन कुणी येतच नाही. लोक मुकाट्याने जुळवून घेतात. पायऱ्या कठडा धरून उतरतात, खडबडीत रस्त्यावर नजर खाली ठेवून चालतात आणि ‘मला ट्रेकिंगची आवडच नाही’ असं सांगून मोकळे होतात.

तर मंडळी, ‘वीक पाय’ ही काही रास नव्हे. त्याला रीतसर डॉक्टरी नाव आहे, क्रॉनिक अँकल इन्स्टेबिलिटी. सोप्या भाषेत, कायमचा डळमळीत झालेला घोटा. आणि त्यावरचा पहिला उपाय गोळ्या किंवा ऑपरेशन यांपैकी काहीच नाही. तो आहे व्यायाम. त्यासाठी जिमचं कार्डही लागत नाही. अर्ध्याहून जास्त भाग बेसिनसमोर दात घासता घासता उरकतो. मग हे आपल्याला कुणी सांगत का नाही? याचंच तर मला टेन्शन आहे.

पहिली मुरगळ

दादरचा पूल उतरताना तुम्हाला वाटतं, ही शेवटची पायरी. ती निघते शेवटून दुसरी. किंवा फुटपाथवरचा एक पेव्हर ब्लॉक नेमका तुमच्याच पायाखाली हलतो. पाऊल पुढून खाली झुकतं, आत वळतं आणि अख्ख्या शरीराचं वजन घोट्याच्या बाहेरच्या कडेवर येतं. त्या बाजूला तीन लिगामेंट असतात, हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या दोऱ्याच म्हणा ना. त्यातलं पुढचं सगळ्यात नाजूक. पाऊल असं वाकडं पडलं की ताण बरोबर त्याच्यावर येतो आणि बहुतेक वेळा ताणलं किंवा फाटलं जातं तेच.

त्यानंतरचा कार्यक्रम तुम्हाला पाठ असेल. आई आंबेहळदीचा लेप लावते, शेजारच्या काकू तुरटी सुचवतात, ऑफिसातला कुणी तरी ‘अमुक ठिकाणी एक जण चोळून देतो, एका झटक्यात बसवतो’ असं सांगतो. (या शेवटच्या गृहस्थांपासून लांब राहा. ताज्या दुखापतीला झटके देणं म्हणजे फाटलेली शिवण ओढून बघणं.) आठ-दहा दिवसांत सूज उतरते, दुखणं थांबतं आणि आपण विसरून जातो.

लेप चुकीचा असतो असं माझं म्हणणं नाही. पण डॉक्टरी इलाजही कित्येकदा लेपाच्या पुढे जात नाही. तीन वर्षांपूर्वी माझा उजवा पाय मुरगळला, तेव्हा मी शहरातल्या एका चकाचक हॉस्पिटलात गेले होते. लॉबीत कॉफी शॉप, टोकन नंबरचे स्क्रीन, सगळं फुल्टू कॉर्पोरेट. एक्स-रे झाला. ‘फ्रॅक्चर नाहीये, लकी आहात.’ क्रेप बँडेज, पाच दिवसांच्या गोळ्या, तीन आठवडे आराम. पुढे काय करायचं, असं मी दोनदा विचारलं. उत्तर एकच, ‘दुखायचं थांबलं की चालायला लागा.’ बिल दीड पानाचं होतं. त्यात व्यायामाची एक ओळ नव्हती, की फिजिओथेरपिस्टकडे पाठवणारी चिठ्ठी नव्हती. पुढच्या आठ महिन्यांत तोच पाय आणखी दोनदा गेला. तेव्हा कुठे एका मैत्रिणीने ओढून फिजिओकडे नेलं. तिथल्या बाईंनी मला एका पायावर उभं केलं आणि म्हणाल्या, ‘आता डोळे मिटा.’ चार सेकंद! पाचव्या सेकंदाला मी त्यांच्या खांद्यावर.

मी अपवाद नव्हते, हे नंतर वाचताना कळलं. डब्लिनच्या संशोधकांनी आयुष्यात पहिल्यांदाच घोटा मुरगळलेल्या लोकांचा वर्षभर पाठपुरावा केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षअखेर ४० टक्के लोकांचा घोटा कायमचा डळमळीत झालेला होता. दहातले चार, म्हणजे कॅन्टीनच्या एका टेबलावरचे जवळजवळ निम्मे! त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढे कुणाचा घोटा बिघडणार, याच्या खुणा आधीच दिसत होत्या. दोन आठवड्यांनंतरही ज्यांना त्या पायावर उडी मारून नीट उतरणं जमत नव्हतं आणि सहा महिन्यांनंतरही ज्यांचा हलताना तोल जात होता, त्यांच्या बाबतीत धोका जास्त होता. सूज उतरणं आणि घोटा बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसतंच.

जरा क्रिकेटकडे बघू. १९ ऑक्टोबर २०२३, गहुंज्याचं स्टेडियम, वर्ल्ड कपची भारत-बांगलादेश मॅच. हार्दिक पंड्या स्वतःच्याच बोलिंगवर पायाने बॉल अडवायला गेला आणि त्याचा डावा घोटा मुडपला. ओव्हरचे उरलेले तीन बॉल विराट कोहलीने टाकले, हे तुम्हाला आठवत असेल. हार्दिक मात्र त्या वर्ल्ड कपमध्ये पुन्हा दिसलाच नाही. तो मैदानात परतला ते थेट २०२४ मध्ये. दिमतीला फिजिओ, ट्रेनर, स्कॅन, सगळं असलेल्या माणसाला काही महिने लागले. आणि आपण? शनिवारी मुरगळला, सोमवारी बायोमेट्रिकला अंगठा.

घोट्याला दिसेनासं होतं

आता थोडं सायन्स, पण कंटाळा येणार नाही.

लिगामेंट म्हणजे फक्त दोऱ्या नव्हेत. त्यांत बारीक बारीक मज्जातंतूंची टोकं असतात. ‘पाऊल आत्ता किती वाकलंय, किती ताण पडलाय’ ही खबर ती सतत मेंदूकडे पाठवत असतात. म्हणूनच अंधारातही आपण खाली न बघता पायरी उतरू शकतो. १९६५ मध्ये मायकेल फ्रीमन या ब्रिटिश सर्जनने मांडलं, की मुरगळण्यात दोरीबरोबर ही टोकंही दुखावतात. मेंदूला मिळणारी खबर तुटक होते, आणि पाय वारंवार दगा देतो तो त्यामुळे. असे पेशंट दुखावलेल्या पायावर नीट तोल सांभाळून उभे राहू शकत नाहीत, हेही त्याने टिपलं आणि त्यांना डगमगत्या फळीवर उभं राहायला लावलं. आज प्रत्येक फिजिओच्या क्लिनिकमध्ये कोपऱ्यात जो वॉबल बोर्ड असतो, त्याचं मूळ तिथे आहे. हाच फ्रीमन पुढे कृत्रिम गुडघ्याच्या कामासाठी जास्त गाजला, ही एक गंमत.

फ्रीमनची थिअरी पूर्ण बरोबर नव्हती. नंतरच्या संशोधनात कळलं, की प्रकरण घोट्यापुरतं राहत नाही. मेंदू चालण्याची, उभं राहण्याची, उडीनंतर उतरण्याची पद्धतच बदलून टाकतो. घोट्याकडून खात्रीची खबर येत नाही म्हणून डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवतो. (माझे चार सेकंद का, ते आता कळलं?) कमरेचे आणि कुल्ल्याचे स्नायूही ढिले पडतात. कधी कधी तर न दुखावलेल्या पायाचाही तोल बिघडलेला सापडतो.

आणखी एक भन्नाट गोष्ट. काहींचे लिगामेंट तपासणीत ढिले लागतात, पण पाय कधी मुरगळत नाही. काहींचे चांगले घट्ट असतात आणि पाय मात्र दर महिन्याला जातो. म्हणजे एमआरआयचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुमची तक्रार खोटी ठरत नाही. घरचे ‘काही नाही होत, उगाच बाऊ करतेस’ म्हणाले, तर हे त्यांना वाचून दाखवा.

मग व्यायामाने नेमकं काय होतं? लोकांना वाटतं, पाय मुरगळायला लागला की स्नायू चटकन आवळून त्याला वाचवतील. एवढा वेळच नसतो हो! सेकंदाच्या दहाव्या भागातही सगळा खेळ आटोपतो, आणि स्नायूंना निरोप पोहोचून त्यांनी जोर लावेपर्यंत उशीर झालेला असतो. फरक पडतो तो आधी. पाऊल जमिनीला टेकायच्या आधी ते कसं धरायचं, कुठले स्नायू आधीच ताणून ठेवायचे, हे शरीर सरावाने शिकतं. गाडी चालवणारा खड्डा दिसायच्या आधीच स्पीड कमी करतो, तसंच.

तुमचा घोटा कुठल्या टीममध्ये?

सिडनीच्या संशोधकांनी २००६ मध्ये यासाठी एक प्रश्नावली तयार केली. नऊ प्रश्न, ३० मार्क. सपाट जमिनीवर चालताना घोटा डळमळतो का, पायऱ्या उतरताना काय वाटतं, चटकन वळताना, एका पायावर उभं राहताना, लंगडी घालताना, आणि पाय मुरगळायला लागला तर सावरता येतो का, अशा धर्तीची. यात २४ किंवा त्याहून कमी मार्क पडले तर घोटा डळमळीत समजतात. शिवाय पहिली मोठी मुरगळ निदान वर्षभरापूर्वीची हवी आणि नंतरही पाय दगा देत राहायला हवा. कालच मुरगळला असेल तर हे लेबल स्वतःला लावू नका.

घरच्या घरी दोन गोष्टी करून बघा. पहिली, एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे आणि मग मिटून. किचनच्या ओट्याला किंवा भिंतीला हात लागेल अशा ठिकाणी, प्लीज. दोन्ही पायांची तुलना करा. दुसरी, भिंतीकडे तोंड करून पाऊल थोडं मागे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल आणखी जरासं मागे न्या, पुन्हा टेकवा. ज्या पायाने तुम्ही कमी अंतरावर अडाल, तो घोटा आखडलेला आहे. आपल्याकडे याची देशी टेस्ट होतीच. टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसणं! आजी पंच्याहत्तरीत या पोझमध्ये भाजी निवडत होती. आपण कमोड आणि रिव्हॉल्व्हिंग खुर्चीवाले, दहा सेकंदांत मागे कलंडतो. घोटा पुढे वाकत नसेल, तर चालताना पाऊल त्याच ‘पुढून झुकलेल्या’ धोक्याच्या पोझमध्ये जास्त राहतं. म्हणून हे आखडलेपण आधी सोडवायचं. भिंतीसमोरची टेस्टच व्यायाम म्हणून करा, दहा-पंधरा वेळा, दोन खेपा.

चला, आता कामाला

घोटा अजून फारच कुरकुरत असेल तर सुरुवात खुर्चीत बसून. पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा, क पासून ज्ञ पर्यंत. मीटिंगमध्ये टेबलाखाली चालून जातं, कुणाला पत्ता लागत नाही. पण यावरच थांबू नका. हा नुसता वॉर्म-अप आहे, आणि बरेच जण ‘मी व्यायाम करतो’ म्हणतात तेव्हा एवढंच करत असतात.

पुढची पायरी ताकदीची. रबरी पट्टा आणा, थेराबँड म्हणतात तो. मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त मिळतो. दोन्ही पावलांभोवती गुंडाळायचा, टाचा जागेवर ठेवायच्या आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलायचं. हळू ढकलायचं आणि त्याहून हळू परत आणायचं. नडगीच्या बाहेरच्या कडेला जे स्नायू काम करताना जाणवतील, तेच पाऊल आत वळण्यापासून रोखणारे. जोडीला चवड्यांवर उभं राहणं. आधी दोन्ही पायांवर, मग पायरीच्या कडेवर, मग एकेका पायावर. एका पायावर वीस वेळा व्यवस्थित वर-खाली होता येत नसेल, तर मॅरेथॉनचा टी-शर्ट एवढ्यात घालू नका.

आता मेन कोर्स, तोल. सकाळी दात घासताना एका पायावर उभे राहा, संध्याकाळी दुसऱ्या. जमलं की डोळे मिटा. जमलं की पायाखाली उशी घ्या. तेही जमलं की समोरच्याने टाकलेला बॉल झेला. गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, काठीसारखा ताठ नको. वेळ मोजायचा कंटाळा आला, तर कुकर लावून उभे राहा आणि प्रत्येक शिट्टीला पाय बदला. हसू नका, माझ्याकडे तुरीची डाळ आणि घोटा दोन्ही असंच शिजलंय. दुसरा एक प्रकार घड्याळाचा. फरशीवर मोठं घड्याळ आहे असं समजा, मध्यभागी एका पायावर उभे राहा आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने बारा, तीन, सहा, नऊ या आकड्यांना हलकेच शिवून परत या. वजन उभ्या पायावरच राहायला हवं. दिसायला हा प्रकार सोपा आहे, पण तिसऱ्या फेरीत मांडी थरथरते.

आणि शेवटचा टप्पा, जो बहुतेक लोक गाळतात आणि मी म्हणेन सगळ्यात महत्त्वाचा. उड्या! दुखणं गेलं, तोल आला, की लोक पट्टा कपाटात टाकतात. पण पाय मुरगळतो कधी? एका पायावर उतरताना, वळताना, धावता धावता थांबताना. त्याचीच प्रॅक्टिस न करता मैदानात उतरणं म्हणजे स्विमिंगचं पुस्तक वाचून पाण्यात उडी. सुदैवाने आपल्याकडे यासाठीचा फुल कोर्स शाळेच्या पटांगणावर फुकट मिळायचा. लंगडी! एक लादी पुढे उडी मारा, त्याच पायावर उतरा आणि तीन सेकंद पुतळा व्हा. उतरल्याचा आवाज जितका कमी, तितकं चांगलं. गुडघा आत झुकू देऊ नका, पावलाच्या रेषेत राहू दे. मग आजूबाजूला उड्या, मग तिरक्या, मग चार लाद्यांचा चौकोन. हे जमल्यावर इंग्रजी आठच्या आकड्यात धावणं, आधी मोठ्या वळणांचा आठ, नंतर आखूड वळणांचा. (खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन आले, तर उतरताना तुमचा आवाज होतोय, एवढंच लक्षात घ्या. सुधारणेला वाव आहे.)

दोन्ही पायांना सारखाच व्यायाम द्या, कारण वर सांगितलंय. किंचित ठणका चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजलेला दिसला, तर एक पायरी खाली या.

खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचा पुरावा आहे. नेदरलँड्समध्ये नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर एक ट्रायल झाली, २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती आली. सगळ्यांना नेहमीचे उपचार मिळाले. साधारण निम्म्यांना वर एक बॅलन्स बोर्ड आणि आठ आठवड्यांचा घरी करायचा प्रोग्राम दिला. आठवड्यातून तीनदा, एका वेळी जास्तीत जास्त अर्धा तास, डोक्यावर ट्रेनर नाही. वर्षभरात नुसत्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला, व्यायाम दिलेल्यांपैकी २२ टक्क्यांचा. म्हणजे दर नऊ-दहा जणांमागे एकाची मुरगळ वाचली. तुम्ही म्हणाल, एवढंच? मला विचाराल तर घरात, फुकटात, कुणी लक्ष न ठेवता झालेल्या व्यायामासाठी हा झकास सौदा आहे.

यात ट्विस्ट असा, की त्याच देशातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामाची लढत थेट ब्रेसशी लावली. एक गट खेळताना वर्षभर घोट्याला ब्रेस बांधणार, दुसरा आठ आठवडे व्यायाम करणार, तिसरा आठ आठवडे दोन्ही. पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण ब्रेसवाल्यांत १५ टक्के, दोन्हीवाल्यांत १९ आणि नुसत्या व्यायामवाल्यांत २७. ‘ब्रेस घातला तर पाय आळशी होतो’ असं जिममधले मास्तर छातीठोकपणे सांगतात ना, त्यांना हे आकडे दाखवा. माझं मत विचाराल तर ट्रेकला, फुटसालला, धावायला जाताना वर्षभर ब्रेस बांधाच आणि घरी व्यायाम करा. ब्रेस तुम्हाला पाय मुरगळण्यापासून वाचवतो, पण दात घासताना डोळे मिटून तोल सांभाळायला तो शिकवत नाही. ऑफिसात दिवसभर बांधून बसायचीही काही गरज नाही. आणि ब्रेस म्हणजे तो ढिला बदामी क्रेप नव्हे. लेस किंवा वेल्क्रोचा, बाजूंनी आधार देणारा घ्या.

कमरेचा उल्लेख मघाशी आला, त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बास्केटबॉलमधलं आहे. स्टीफन करी. आज हे नाव म्हणजे देव, पण २०१२ मध्ये लोक त्याला ‘तो काचेच्या घोट्यांचा’ म्हणूनच ओळखायचे. उजवा घोटा सारखा जायचा. मे २०११ आणि एप्रिल २०१२ अशी लागोपाठ दोन ऑपरेशन्स झाली. २०११-१२ च्या सीझनमध्ये तो जेमतेम २६ मॅच खेळला. त्याच्या टीमने चार वर्षांसाठी ४४ मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, तेव्हा तेसुद्धा जुगार वाटलं होतं. पुढे ट्रेनर कीकी लायल्सबरोबर त्याने घोट्यावरचा भार कमी करायला कमरेवर आणि मांड्यांवर काम केलं, वजनं उचलली, वळताना आणि थांबताना जोर कुल्ल्यातून घ्यायला शिकला. २०१५ आणि २०१६, लागोपाठ दोन वर्षं तो लीगचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर ठरला. घोट्याचे ब्रेस मात्र त्याने सोडले नाहीत. तेव्हा पट्ट्याच्या व्यायामाबरोबर एका पायावरचे ब्रिज आणि कुशीवर झोपून पाय वर उचलणं, हेही यादीत टाका.

थांबा, आधी हे

ताजी मुरगळ असेल तर व्यायामाआधी फ्रॅक्चर नाही ना, ते बघायला हवं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये याचे सोपे नियम दिले. दुखऱ्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, त्यांचं टोक, करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या मध्यावरचं हाड किंवा आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा. पाय बधिर होणं, सांधा अडकणं, काही आठवड्यांनंतरही आत खोलवर दुखणं, यांपैकी काही असेल तर थेट ऑर्थोपेडिककडे जा.

आणि बर्फ? ‘आराम, बर्फ, बँडेज, पाय वर’ हा फॉर्म्युला अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केला. नंतर पूर्ण आराम आणि बर्फ यांनी बरं व्हायला उशीर होऊ शकतो, असं मिर्किन स्वतःच सांगू लागले. दुखणं कमी व्हावं म्हणून थोडा वेळ बर्फ लावला तर हरकत नाही. पण तीन आठवडे पलंगावर झोपून सिरीज बघणं, हा इलाज आता जुना झाला. झेपेल तितकं वजन टाकत लवकर चालायला लागायचं.

दुर्लक्ष केलं तर? गुडघ्याचा आणि खुब्याचा संधिवात बहुतेकदा वयानुसार येतो. घोट्याचं तसं नाही. तिथला संधिवात बहुतेक वेळा जुन्या दुखापतीतून येतो, आणि म्हणूनच तो तरुणपणीही गाठू शकतो. पंचविशीतली ‘काही नाही, मुरगळलाय’ चाळिशीत बिल पाठवते.

तीन ते सहा महिने नीट व्यायाम करूनही पाय दगा देतच असेल, तर ऑपरेशनचा पर्याय आहे. स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये फाटलेलं लिगामेंट पुन्हा शिवण्याची पद्धत मांडली. तिचीच सुधारलेली आवृत्ती आजही सर्रास वापरतात आणि निकालही चांगले लागतात. फक्त ऑपरेशन करून घेतलं की व्यायामातून सुटका, असा हिशेब असेल तर तो विसरा. प्लास्टर किंवा बूट निघाला की फिजिओ काय हातात देतो? रबरी पट्टा. मग चवडे, मग एका पायावर उभं राहणं, मग उशी, मग लंगडी.

हील्सबद्दल विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी जाता जाता. उंच टाच म्हणजे पाऊल कायम त्या धोक्याच्या पोझमध्ये, त्यात पेन्सिल हील असेल तर टेकायला जागाही नाणभर. प्रोग्राम चालू असेपर्यंत बॅगेत ठेवा, ऑफिसच्या लिफ्टमध्ये बदला. आठ आठवडे झाल्यावर रुंद टाचेपासून सुरुवात करा आणि आधी घरात घालून दात घासा.